मागच्या डाव्या चाकापाशी

सुभाष खोब्रागडेनं पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावात गाडी घेतली ती १९८४च्या ऑगस्टमध्ये. हीच गाडी घेण्याला कारण एकच होतं. ती पायांशिवाय चालवता यायची.

दोन वर्षांचा असताना पोलिओनं त्याचे दोन्ही पाय गेले होते. लोखंडी कॅलिपर आणि दोन कुबड्या घेऊन तो चालायचा. सपाट फरशीवर बऱ्यापैकी, उतारावर जपून, खडीवर अजिबात नाही. नागपूरला इंजिनियरिंग केलं, मग इथं येऊन फिरणाऱ्या शाफ्टच्या कंपनांवर पीएचडी. जूनमध्ये ती संपली आणि तीस मैलांवरच्या लुइसटाउनला पंखे बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी लागली. कॅम्पसची बस तिथवर जात नव्हती. दुसरी कुठलीच बस जात नव्हती.

गाडी मूळची डेल नावाच्या माणसाची. तो व्हिएतनाममधून पाय गमावून आला होता. स्टिअरिंगच्या डाव्या हाताला त्यानं एक दांडा बसवून घेतला होता. पुढे ढकलला की ब्रेक, खाली दाबला की गॅस. पण डेलचं तेवढ्यावर भागलं नव्हतं. गाडी शर्यतीच्या गाडीसारखी दिसावी म्हणून त्यानं मागची बाजू चार इंच उचलून घेतली होती आणि मागे रुंद टायर चढवले होते. डेल वारल्यावर तीन वर्षं ती त्याच्या आईच्या दारात ताडपत्रीखाली उभी होती. किल्ली देताना म्हातारी म्हणाली, "तो कधी हळू चालवायचा नाही. तू हळू चालव."

हळू चालवण्यावाचून इलाजच नव्हता. पंचेचाळीस मैलांच्या वेगापर्यंत गाडी शहाण्यासारखी जायची. सत्तेचाळीसला सीटखालून थरथर सुरू व्हायची आणि बावन्नला आरसा इतका हलायचा की मागून एक गाडी येतेय की दोन, ते कळायचं नाही. शिवाय मागून आवाज यायचे. खड्ड्यावरून गेलं की किर्र आणि सिग्नलवरून निघताना ठक्, डिकीत कुणी वरवंटा ठेवल्यासारखा.

सुभाषचा रूममेट राजीव दांडेकर पुण्याचा. कॉम्प्युटर सायन्स करत होता, वयानं पाच वर्षांनी लहान, मनानं मोकळा. वॉल्ट नावाच्या मेकॅनिकच्या गॅरेजमध्ये पहिल्यांदा दोघं मिळूनच गेले. वॉल्टनं टायरचं बॅलन्सिंग केलं. थरथर तशीच. दुसऱ्या खेपेला पुढचे टायर मागे टाकून पाहिले. तशीच. तिसऱ्या खेपेला त्यानं इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे सांधे, म्हणजे क्रॉस, बदलले. थरथर सत्तेचाळीसऐवजी एकोणपन्नासला सुरू झाली, एवढाच फरक.

"चाकांचा दोष नाही हा," सुभाष म्हणाला. "पन्नासला असताना मी गाडी न्यूट्रल करून पाहिली. थरथर राहते, म्हणजे इंजिन नाही. चाकं असती तर ती जाड आली असती, सावकाश. ही बारीक आहे. शाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा येते. मागची बाजू उचलल्यामुळे धुऱ्यावरच्या डिफरन्शिअलचं तोंड वर गेलंय आणि शाफ्टच्या दोन टोकांचे कोन जुळत नाहीत. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांपाशी पाचर घालून ते तोंड खाली आणायला हवं."

वॉल्टनं शांतपणे ऐकून घेतलं. मग हात पुसत तो राजीवकडे वळला.

"तुझ्या मित्राला सांग, मी हे काम तीस वर्षं करतोय. गाडी जुनी आहे. जुन्या गाड्या थरथरतात."

परतीच्या वाटेवर राजीव संतापला होता. "माझ्याशी काय बोलतो तो? गाडी तुझी, डॉक्टरेट तुझी!"

असं बोलणं सुभाषला नवीन नव्हतं. दुकानात, बँकेत, विमानतळावर माणसं त्याच्या डोक्यावरून सोबत्याशी बोलायची. त्याला डाचत होतं ते वेगळंच. चार वर्षं त्यानं शाफ्टची समीकरणं सोडवली होती, आणि स्वतःच्या गाडीचा शाफ्ट काही त्याला पाहता येत नव्हता. त्यासाठी जमिनीवर आडवं होऊन गाडीखाली सरकावं लागतं. मुख्य म्हणजे नंतर बाहेर यावं लागतं.

"अरे, मग आपणच करू ना," राजीव म्हणाला. "तू सांग, मी करतो. पाचरच तर घालायची आहे."

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी अपार्टमेंटच्या मागे त्यांनी गाडी स्टँडवर चढवली. डिपार्टमेंटच्या वर्कशॉपमधून हत्यारं आणि कोन मोजायचं एक छोटं यंत्र आणलं होतं. सुभाष घडीच्या खुर्चीवर बसला, मांडीवर वही. राजीवचे फक्त बूट दिसत होते.

"किती दाखवतोय?"

"एकोणीस."

"एकोणीस नाही होणार, राजीव. नीट बघ. धरलंस कसं?"

"जसं धरायचं तसं धरलंय, यार."

"तोंडाच्या सपाट भागावर धरलंस का? जिथे क्रॉस बसतो तिथे?"

"क्रॉस म्हणजे तो गंजलेला की तो दुसरा गंजलेला?"

यंत्र उलटं धरलं होतं हे कळायला अर्धा तास गेला. मग आकडे आले, आणि ते पाहून सुभाषला इतका आनंद झाला की त्यानं वहीत ते दोनदा लिहिले. पुढचा कोन तीन अंश, मागचा साडेसहा. हिशेबानं जेवढा फरक यायला हवा होता तेवढाच. दोन महिने मनात धरून ठेवलेली गोष्ट खरी निघाली होती.

पाचरी मागवल्या, त्या यायला तीन आठवडे लागले. त्या आल्या तेव्हा नोव्हेंबर अर्धा सरला होता आणि शनिवारी सकाळपासून पाऊस-बर्फ मिसळून पडत होतं. राजीवची सोमवारी परीक्षा होती. तरी तो गाडीखाली गेला. मागचा धुरा पाट्यांना यू आकाराच्या चार जाड बोल्टांनी बांधलेला असतो. ते बोल्ट सोडवायचे, धुरा जॅकनं उचलायचा, मधे पाचर सरकवायची, पुन्हा बोल्ट आवळायचे. सांगायला एवढंच. पण बोल्ट बर्फासाठी रस्त्यावर टाकतात त्या दहा वर्षांच्या मिठानं आणि गंजानं धरलेले. पाना सटकला आणि राजीवच्या बोटांची सालपटं निघाली. डोळ्यात गंज पडला.

"उजवीकडचा आधी सैल कर. पूर्ण काढू नको. थांब, जॅक नीट टेकलाय का बघ."

"टेकलाय."

"धुऱ्याच्या खालीच आहे ना? पाट्याखाली नाही ना?"

"आहे रे!"

"एकदा हात लावून बघ."

पाना जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. मग गाडीखालून राजीवचा आवाज.

"तुझं काय जातंय वरून सांगायला! इथे ये आणि तूच हात लावून बघ!"

आपण काय बोलून गेलो हे राजीवच्या लगेच लक्षात आलं असणार. तो खालूनच "सॉरी, यार" म्हणाला. सुभाष म्हणाला, "अरे, त्यात काय." आणि खरंच त्यात काही नव्हतं. पोरगा तीन तास चिखलात पडून होता, हात रक्तानं भरले होते, त्याची परीक्षा होती. त्याच्या जागी दुसरा असता तर कधीच निघून गेला असता. पण त्यानंतर सुभाषनं सूचना कमी केल्या. "सगळं घट्ट आहे ना" एवढंच त्यानं एकदा विचारलं.

दुपारी दोघं गाडी घेऊन बाहेर पडले. सत्तेचाळीस. पन्नास. पंचावन्न. आरशात मागचा रस्ता स्थिर दिसत होता, एखाद्या फोटोसारखा. राजीवनं आरोळी ठोकली आणि डॅशबोर्डवर थाप मारली. सुभाषनं साठपर्यंत नेली, इतका वेग त्यानं आयुष्यात कधी हातात धरला नव्हता. त्याला हसू आवरेना.

"ब्रिलियंट आहेस तू," राजीव म्हणाला. आणि घराशी उतरताना बँडेज बांधलेला हात वर करून म्हणाला, "पण आता पुन्हा मला या गाडीखाली पाठवू नकोस हां. प्लीज!"

सुभाष हसला. शंभरेक मैल गेल्यावर ते बोल्ट पुन्हा आवळायचे असतात, हे त्याला माहीत होतं. नवीन पाचर दबते, गंज झडतो, नट थोडे ढिले होतात. दहा मिनिटांचं काम. 'बघू पुढच्या आठवड्यात,' असं त्यानं मनाशी म्हटलं.

त्याची आई जाईबाई त्याला अकरा वर्षांचा होईपर्यंत कडेवर घेऊन शाळेत पोचवायची. मग स्वतः विटांच्या भट्टीवर जायची. पोरगा मोठा होत गेला तशी तिची कंबर वाकत गेली, पण गल्लीतल्या कुणी "आण, आज मी नेतो" म्हटलं तरी ती द्यायची नाही. तिचं एकच सांगणं असायचं, "शिक, आणि कुणापुढे हात पसरू नको." सुभाष शिकला. हात पसरायची वेळ त्याच्यावर दिवसातून चार वेळा यायची. दार धरायला, ट्रे उचलायला, पडलेली कुबडी द्यायला. प्रत्येक वेळी तो मनातल्या मनात मोजायचा, आज या माणसाला किती वेळा सांगितलं. राजीवच्या बाबतीत तो आकडा फारच वर गेला होता.

पुढच्या मंगळवारी कारखान्यातून निघताना मागच्या डाव्या चाकापाशी एक आवाज झाला. टक्. गॅस दिला की एकदा, सोडला की एकदा. आधीच्या ठक्पेक्षा हलका, जवळजवळ नाजूक. हा आवाज कसला ते त्याला ऐकताक्षणीच कळलं. थरथरीच्या वेळी निदान शंका होती. इथं तीही नव्हती.

घरी आला तेव्हा राजीव प्रोजेक्टचे कागद पसरून जमिनीवर झोपला होता, बोटांवर अजून पट्टी. सुभाष त्याच्याकडे बघत उभा राहिला आणि स्वयंपाकघरात गेला. बुधवारी आवाज थोडा वाढला. वॉल्टकडे जाता आलं असतं. पण वॉल्ट गाडीखाली बघणार, पाचर बघणार आणि मग राजीवला फोन करून विचारणार, हे कुणी केलं. ते नको वाटलं. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीचे चार दिवस राजीव कॉम्प्युटर सेंटरमध्येच होता, फक्त आंघोळीला घरी यायचा. रविवारी दोघांनी एकत्र खिचडी खाल्ली. "गाडी काय म्हणते?" राजीवनं विचारलं.

"मस्त आहे," सुभाष म्हणाला.

सोमवार हरणाच्या शिकारीचा पहिला दिवस होता. पेनसिल्व्हेनियात त्या दिवशी शाळांना सुट्टी असते आणि कारखाने निम्मे ओस पडतात. दुपारी बारा वाजता फोरमननं उरलेल्यांनाही घरी जायला सांगितलं. सुभाष निघाला.

सेव्हन माउंटन्स नावाच्या घाटाच्या चढावर, वळण घेऊन त्यानं गॅस दिला आणि मागे धाड् झालं. गाडीचा मागचा भाग कुणी ढकलल्यासारखा उजवीकडे गेला. त्यानं दांडा पुढे लोटला. काहीतरी फाडल्यासारखा घासण्याचा आवाज येत होता, रबराचा वास येत होता. रस्त्याच्या कडेला खडीची मोकळी जागा होती. गाडी जेमतेम तिथवर गेली आणि थांबली. पुन्हा गॅस दिला तर इंजिन गुरगुरलं, गाडी हलली नाही. डाव्या बाजूला धुरा मागे सरकला होता आणि चाक पत्र्यात रुतलं होतं. खाली न बघताच त्याला सगळं दिसत होतं.

त्या मोकळ्या जागेत आधीच सहा-सात पिकअप उभ्या होत्या. शिकारी पहाटेच जंगलात गेले होते. सुभाषनं धोक्याचे दिवे लावले. गाड्या येत होत्या, जात होत्या. एकही थांबेना. त्याला हळूहळू उमगलं: त्या दिवशी, त्या रस्त्यावर, कडेला उभी असलेली प्रत्येक गाडी शिकाऱ्याचीच असते, आणि आत बसलेला माणूस आपल्या सोबत्यांची वाट बघत असतो. त्यानं हॉर्न वाजवला. समोरून जाणाऱ्या एका स्टेशन वॅगनमधल्या बाईनं उलट हॉर्न वाजवून खुशीत हात हलवला.

त्यानं दार उघडून एक कुबडी खाली टेकवली. खडी घसरली. दुसरी टेकवली, शरीराचा भार दिला, आणि कुबडीचं टोक असं सरकलं की तो दाराला लटकून राहिला. पडला असता तर पडूनच राहिला असता. पुन्हा आत यायला त्याला पाच मिनिटं लागली. मग तो बसून राहिला.

एक वाजला, दोन वाजले. थंडी वाढली की इंजिन चालू करायचा, जरा ऊब आली की बंद. रेडिओवर कुणीतरी किती शिंगांचं हरीण मारलं ते सांगत होतं. तीनच्या सुमारास त्याला लघवी लागली. पाऊण तास त्यानं कळ काढली. मग थर्मासमधली उरलेली कॉफी खिडकीतून ओतून दिली आणि थर्मास वापरला. बाहेरून गाड्या जात होत्या. कुणी पाहिलं नाही, कुणाला पाहायचंही नव्हतं, तरी त्याचे कान तापले. पस्तिशीला आलेला माणूस, नावाच्या आधी डॉक्टर लागलेला. त्यानं डोकं स्टिअरिंगवर टेकवलं. राजीवला पाच शब्द सांगायचे होते. 'बोल्ट एकदा आवळतोस का, राजीव?' फक्त पाच.

पावणेपाचला झाडीतून एक म्हातारा उतरला. नारिंगी जाकीट, खांद्यावर बंदूक, आणि मागे दोरीनं ओढत आणलेलं हरीण. सुभाषनं खिडकी खाली करून हाक मारली. तो जवळ आला, आधी गाडीकडे, मग कुबड्यांकडे बघितलं. काही न विचारता हातातली बॅटरी घेऊन गुडघ्यांवर बसला आणि गाडीखाली वाकला.

"तुझे नट हातानं फिरतायत," तो खालून म्हणाला. "एक तर गळूनच पडलाय. हे काम कुणी केलं?"

"मी," सुभाष म्हणाला.

म्हातारा उठला. पुन्हा एकदा त्यानं कुबड्यांकडे पाहिलं. मग जाऊन आपली पिकअप गाडीच्या दाराशी आणून लावली.

पिकअपची पायरी उंच होती. "चालेल का?" असं म्हणून म्हाताऱ्यानं त्याला काखेत आणि गुडघ्यांखाली हात घालून उचललं आणि सीटवर ठेवलं. गेल्या चोवीस वर्षांत त्याला कुणी असं उचललं नव्हतं. म्हाताऱ्याच्या जाकिटाला रक्ताचा आणि पाइनचा वास होता. स्टेट कॉलेजपर्यंत तो फक्त आपल्या गुडघ्यांबद्दल बोलला.

राजीव घरी होता. सगळं ऐकून तो खुर्चीत बसला.

"आवाज कधीपासून येत होता?"

"मंगळवारपासून."

"आणि काल मी विचारलं तेव्हा?"

"तेव्हाही येत होता."

"मग बोलला का नाहीस?"

सुभाषनं कॅलिपरचे पट्टे सोडायला घेतले. बोटं गार पडल्यामुळे बक्कल निघत नव्हतं. राजीव मदतीला आला नाही.

"मी एकदा काहीतरी बोललो म्हणून?" राजीवचा आवाज चढला. "तीन तास तिथे पडलो होतो मी, वैतागलो होतो, बोललो! आणि तू त्याचा राग म्हणून—"

"राग नव्हता."

"मग काय होतं? मी ते नट आवळले होते, सुभाष. मी. तू त्या घाटातून खाली गेला असतास तर ते माझ्या हातून झालं असतं. जन्मभर. याचा विचार केलास?"

नव्हता केला. खरोखरच, एकदाही नाही. सहा दिवस त्याच्या मनात फक्त आपलं मागणं होतं. ज्याच्याकडे मागायचं त्या माणसाचं काय होईल, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. राजीव आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून वॉल्टकडे नेली. धुऱ्यावरची पाटा बसायची जागाच फाटली होती आणि शाफ्ट वाकला होता. आता त्यात काही उरलं नाही, असं वॉल्टनं सांगितलं. या वेळी त्यानं ते सुभाषलाच सांगितलं, डोळ्यांत बघून. सुभाषला त्याचं बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

राजीव त्याच्याशी आठवडाभर कामापुरतं बोलला, मग हळूहळू पूर्वीसारखा झाला. जवळजवळ पूर्वीसारखा. "काही लागलं तर सांग" असं तो आता प्रत्येक वेळी बाहेर पडताना म्हणायचा, आणि ते ऐकलं की दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळायचे. मे महिन्यात त्याला टेक्सासमध्ये नोकरी लागली आणि तो अर्विंगला गेला.

हातानं चालवायची दुसरी गाडी मिळेपर्यंत पुढचा उन्हाळा उजाडला. तोवर कारखान्यातली डोरीन नावाची एक बाई सुभाषला रोज सकाळी साडेसहाला घ्यायला यायची. पन्नाशीची, अबोल, सिगारेट ओढत गाडी चालवणारी. तिच्या गाडीच्या पुढच्या उजव्या चाकातून बारीक घरघर येत होती, वळणावर वाढणारी. सुभाषनं तीन दिवस ती ऐकली आणि चौथ्या दिवशी धीर करून सांगितलं.

"तुमच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग जातंय. लवकर दाखवून घ्या. मी सांगतो काय करायचं ते."

डोरीननं क्षणभर कान दिला.

"ते होय? ते नेहमीचंच आहे," ती म्हणाली आणि तिनं रेडिओचा आवाज वाढवला.